पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झाले तेव्हा

मामांचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, पण जेकार्डची (विणतानाच कापडात नक्षी उठवणाऱ्या मागाची) डिझाइनं घरच्या कॉम्प्युटरवर होतात. त्यामुळे पेनड्राइव्ह घर, कारखाना, झेरॉक्सचं दुकान असा गावभर फिरतो. परवा त्यातले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. मामा म्हणाले, "फॉरमॅट मार की बे!" मी थांबवलं. हा व्हायरस सहसा फायली पुसत नाही, लपवतो. शॉर्टकट उघडला की मागून स्वतःही चालू होतो.

आधी नेट काढलं. विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावलं. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आत तपासणी होते, म्हणून घुसून बसलेला व्हायरसही सापडतो. पेनड्राइव्ह वेगळा स्कॅन केला. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवायला सांगितलं, 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूणही काढली. डिझाइनं दिसली! फक्त तेवढीच नव्या फोल्डरात उचलली आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट केला.

डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता चालवलेलं होतं. "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगणारं काहीही मी तरी कॉम्प्युटरवर ठेवत नाही. ते काढलं. मामा अजून कुरकुरतायत.

बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली असायची. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तीही कुलूपबंद होते, म्हणून आता कॉपी झाली की वायर काढून कपाटात. रोजच्या कामाला मामींच्या नावाचं साधं, अ‍ॅडमिन नसलेलं (कॉम्प्युटरमध्ये मोठे बदल करायची परवानगी नसलेलं) अकाउंट केलंय.