डबल चिन काढायला नागपूरला निघण्याआधी या चुका टाळा

“मावशी, साखरपुड्याच्या फोटोत मायी मानच दिसत नाही व.” बहिणीची पोरगी मोबाइल माझ्यापुढे धरून सांगत होती. वय सव्वीस, घर दारव्हा तालुक्यात, लग्न दीड महिन्यावर. शहरातल्या एका क्लिनिकची जाहिरात तिच्या मोबाइलवर येत होती: अर्ध्या तासात काम, त्याच दिवशी घरी. आईला पटवून झालं होतं, सोयाबीनचे पैसेही बाजूला काढले होते.

मी वीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिला आरशासमोर उभं केलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि म्हटलं, मान जराशी वर कर आणि एक घोट गिळ. घोट उतरताना गळ्याच्या मधोमध एक गोळा वर सरकला आणि पुन्हा खाली आला. चरबी गिळताना अशी हलत नाही. ती थायरॉइडची गाठ होती. रक्त तपासल्यावर टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड कमी काम करत होतं. वजन वाढणं, चेहरा सुजल्यासारखा दिसणं, दिवसभर अंग जड वाटणं, हे सगळं पोरगी वर्षभर अंगावर काढत होती.

तेव्हापासून कुणी लायपोसक्शनचं, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायच्या ऑपरेशनचं, विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते.

हनुवटीखाली नेमकं काय आहे ते न पाहणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून यावर जरा थांबते.

आरशासमोर हनुवटीखालचा भाग चिमटीत धरा. आता दात घट्ट आवळून मानेच्या शिरा ताणा. चिमटीतला ऐवज तसाच राहिला तर चरबी कातडीच्या लगेच खाली आहे, आणि लायपोसक्शनची नळी तिथेच चांगलं काम करते. ताण दिल्यावर बोटांतून निसटला तर चरबी मानेच्या पातळ स्नायूच्या, म्हणजे प्लॅटिस्माच्या, आत आहे. तिथे नुसत्या नळीने भागत नाही. मग कातडी ओढून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक. सावकाश परतत असेल तर चरबी काढल्यावर ती लोंबेल. पन्नाशीच्या पुढे, किंवा पंधरा-वीस किलो वजन उतरवलेल्यांत, हे बरेचदा दिसतं. तिसरं, खालचा जबडा थोडा पुढे काढून बघा. तेवढ्याने मान रेखीव दिसू लागली तर मूळ अडचण चरबीपेक्षा लहान हनुवटीची आहे.

या घरच्या परीक्षा आहेत. निदान डॉक्टरच करणार. पण त्यांच्यापुढे बसताना काय विचारायचं ते यातून कळतं.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण. खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या जबड्याखाली एका बाजूला कडक, न दुखणारी गाठ लागत असेल तर ती चरबी समजू नका. तोंडाच्या कॅन्सरची गाठ तिथे येऊ शकते. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुसरी गोष्ट गुडघेदुखीच्या गोळ्या. गावात पुडीत बांधून मिळणाऱ्या, ‘लगेच फरक पडते’ म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या गोळ्यांत कधी स्टेरॉइड असतं. महिनोन्महिने खाल्लं की चेहरा गोल होतो, मानेवर चरबी चढते. अशा गोळ्या स्वतःहून एकदम बंदही करू नका, ते जिवावर बेतू शकतं. पुडी तशीच डॉक्टरांकडे न्या आणि दाखवा.

वजन उतरवायचं ऑपरेशन समजणं

हनुवटीखालून निघणारी चरबी अगदी थोडी असते. त्याने काट्यावर फरक पडत नाही. वजन अजून चढ-उतार करत असेल तर आधी ते स्थिर होऊ द्या. नंतर दहा किलो वाढले तर मान पुन्हा भरते. च्युइंगम चघळून किंवा रोलर फिरवून तेवढ्याच जागेची चरबी जात नाही, त्यावर पैसे घालू नका. जो मोठ्याने घोरतो आणि दिवसा बसल्या बसल्या झोपतो, त्याची आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी व्हायला हवी, कारण भुलीच्या वेळी त्याचा श्वास अडण्याचा धोका जास्त.

पाटी बघून डॉक्टर निवडणं

‘कॉस्मेटिक’ हा शब्द पाटीवर कुणीही लिहू शकतो. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएसनंतर एमएस आणि मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक सरळ मागा. प्रामाणिक डॉक्टरला त्याचा राग येत नाही. ऑपरेशन कुठल्या खोलीत होणार, ऑक्सिजन आणि भूलतज्ज्ञ तिथे आहेत का, हेही विचारा. नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. ओपीडीचा दिवस विचारून तिथे दुसरं मत घेता येतं, आणि तिथे तुम्हाला पॅकेज विकायची कुणाला घाई नसते.

पार्लरमध्ये मिळणाऱ्या ‘चरबी विरघळवणाऱ्या’ इंजेक्शनबद्दल माझं मत पक्कं आहे: घेऊ नका. हनुवटीखालच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक ॲसिडच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, हे खरं. पण ते महिन्या-महिन्याच्या अंतराने, गरजेप्रमाणे सहा वेळांपर्यंत, जागा मोजून, प्रशिक्षित डॉक्टरनेच द्यायचं असतं. सुई चुकली तर ओठ हलवणाऱ्या नसेला इजा होते, कातडीला जखमही पडते. बाटलीत काय आहे हे पार्लरवाल्या ताईला सांगता येत नसेल, तर तिच्यापुढे मान करू नका.

डॉक्टरांपासून लपवणं

सासू सोबत असते म्हणून सून सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, बोलत नाही. वडील सोबत असतात म्हणून पोरगा खर्ऱ्याचं बोलत नाही. हे मी तपासणीच्या टेबलाशी उभी राहून किती वेळा पाहिलं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच नाही, साऱ्या विदर्भात सिकलसेल आहे. अशा माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं, अंग थंड पडलं किंवा ऑक्सिजन कमी पडला की त्रास उसळतो, म्हणून भुलीची तयारी वेगळी करावी लागते. घरात कुणाला असेल तर तपासणी आधी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

खर्ऱ्याने तोंड कमी उघडतं, तीन बोटंही जात नाहीत. गरज पडली तर श्वासाची नळी घालणं भूलतज्ज्ञाला अवघड होतं. तंबाखूने जखमही उशिरा भरते. सर्जन सांगतील तितके आठवडे, साधारण महिनाभर, आधीपासून आणि नंतरही तो बंद ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी, दुखण्याची गोळी, लसणाच्या कॅप्सूल, वैद्याचा काढा, सगळ्याची यादी द्या. हृदयाची गोळी मात्र मनाने थांबवू नका.

लग्नाची तारीख धरून जाणं

पहिले काही दिवस मान आधीपेक्षा जाड दिसते, निळी पडते. दोन-तीन आठवड्यांत बरीचशी सूज उतरते, पण आतला कडकपणा आणि बधिरपणा त्यानंतरही राहतो. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. दीड महिन्यावर लग्न असेल तर हे ऑपरेशन त्या लग्नासाठी नाही.

हनुवटीला बांधायचा पट्टा सुरुवातीला जवळजवळ दिवसभर घालावा लागतो. आपला मे महिना, पारा पंचेचाळीसवर, वीज गेलेली, आणि गळ्याभोवती घट्ट पट्टा: घामोळ्या येतात, मग लोक पट्टाच काढून टाकतात. हिवाळा बरा, पण तेव्हा कापसाची वेचणी. मान वाकवून दिवसभर काम आणि डोक्यावर गठ्ठा, दोन्ही काही आठवडे चालत नाही. घरात आधी बोलून घ्या की त्या दिवसांत तुमचं काम कोण करणार.

पैशांचंही तसंच. हा खर्च महात्मा फुले योजनेत बसत नाही आणि खासगी विमाही दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला पैसे देत नाही. जाहिरातीतल्या आकड्यात भूल, तपासण्या, पट्टा आणि जीएसटी आहे का ते लिहून घ्या.

‘त्याच दिवशी घरी’ यावर विसंबणं

कातडी बधिर करणारं पातळ द्रावण भरून लायपोसक्शन करायची पद्धत जेफ्री क्लाइन या अमेरिकन डॉक्टरने १९८७ मध्ये मांडली. त्यामुळे रक्तस्राव खूप कमी झाला आणि पूर्ण भूल न देता हे काम होऊ लागलं. हनुवटीखाली आणि कधी कानामागे दोन-तीन मिलिमीटरची छिद्रं, तेवढ्यातून नळी. म्हणून त्याच दिवशी घरी सोडतात. ते ‘घरी’ शहरातल्या माणसासाठी आहे, ज्याचं घर दवाखान्यापासून वीस मिनिटांवर असतं.

एकदा रात्री अकराला आमच्याकडे एक बाई आली. सकाळी शहरात लायपोसक्शन, दुपारच्या एसटीने गावाकडे. गळ्याची डावी बाजू नारळासारखी टणक, आवाज घोगरा, झोपवलं की श्वास अडे. आत रक्त साचलं होतं. सोबत कागद नाही, क्लिनिकचा फोन लागेना. काय केलं, कुठलं औषध दिलं, नवऱ्याला काहीच सांगता येईना. १०८ बोलावली, ऑक्सिजन लावून बसतीच ठेवून पुढे पाठवली. तिथे रक्त काढलं आणि ती वाचली. हे क्वचित होतं. पण होतं तेव्हा हाताशी वेळ फार थोडा असतो.

म्हणून पहिल्या दोन रात्री शहरातच राहा, नातेवाइकाकडे किंवा लॉजवर, सोबत एक जाणतं माणूस ठेवून. एका बाजूला अचानक वाढणारी टणक सूज, श्वास किंवा गिळायला त्रास, न थांबणारं रक्त: यातलं काहीही झालं की फोनची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. ताप, घाण वासाचा पू, वाढती लाली दिसली तर त्याच दिवशी दाखवा. हसताना ओठ एका बाजूला कमी उतरत असेल तर घाबरू नका, बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. पण सर्जनला कळवा.

आणि घरी आल्यावर कुणीही कितीही मायेने सांगितलं तरी त्या जागेवर बिब्बा, हळदीचा लेप किंवा मिठाची गरम पुरचुंडी लावू नका. कातडी बधिर असते. चटका बसतो आणि कळत नाही. बर्फसुद्धा फडक्यात गुंडाळूनच.

निघताना डिस्चार्ज कार्ड घ्या. त्यावर झालेलं ऑपरेशन, भुलीचं औषध, तारीख-वेळ आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहून घ्या. तो नंबर क्लिनिकच्या दारातून बाहेर पडण्याआधी एकदा लावून बघा.