मे महिन्यात मॅटरहॉर्न? झरमॅटला जाताना या चुका टाळा

माझा भाऊ, वहिनी आणि भाची पहिल्यांदा माझ्याकडे स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला आले ते मे महिन्यात. शाळेला सुट्टी तेव्हाच असते, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हता. भाचीला एकच गोष्ट बघायची होती: तळ्यात उलटा पडलेला मॅटरहॉर्न, म्हणजे झरमॅट गावाच्या डोक्यावरच्या टोकदार शिखराचं प्रतिबिंब. मीही इथे नवीन होते, भराभर तिकिटं काढली. गावाच्या वर डोंगरात असलेल्या रिफेलझे तळ्याच्या काठाशी पोचलो तर तळंच दिसेना. सगळा पांढरा उतार, आणि तळं कुठे संपतं नि जमीन कुठे सुरू होते याचा पत्ता नाही. खाली गावात निम्मी हॉटेलं कुलूपबंद. पोर काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यानंतर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मिळून झरमॅटला बऱ्याच फेऱ्या झाल्या. घरचे, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे कितीतरी पाहुणे सोबत नेले. त्याच त्याच चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या, त्या इथे सांगते.

आपली सुट्टी आणि तिथला हंगाम

ही सगळ्यात महागाची चूक. झरमॅटचा हिवाळी हंगाम ढोबळमानाने डिसेंबर ते एप्रिलचा मध्य. वरच्या पायवाटा खुल्या होतात जूनच्या अखेरीस आणि सप्टेंबरभर चांगल्या राहतात. मधले दोन तुकडे, म्हणजे मे आणि नोव्हेंबर, ना स्कीचे ना चालण्याचे. नेमक्या याच दोन फटींत आपल्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या येतात. तेव्हा केबल कारची वार्षिक देखभाल निघते, हॉटेलवाले स्वतः सुट्टीवर जातात, आणि पायवाटांवर एकतर जुना बर्फ उरलेला असतो किंवा नवा पडायला लागलेला असतो.

गोंधळ वाढवते ती ‘३६५ दिवस स्की’ ही जाहिरात. ती खोटी नाही. थिओडुल हिमनदीवर बारा महिने स्की करता येतं. पण उन्हाळ्यात ते फक्त त्या उंच पट्ट्यात, पहाटे लवकर सुरू होऊन दुपारपर्यंतच, कारण नंतर बर्फ मऊ पडतो. तिथे राष्ट्रीय संघ सरावाला येतात. आयुष्यात पहिल्यांदा स्की पायाला बांधणाऱ्याने तिथे जाऊ नये.

मेची तिकिटं काढून झाली असतील तर? झरमॅट एका दिवसापुरतं ठेवा. गोर्नरग्राट या उंच कड्यावर नेणारी रेल्वे सुरू आहे ना ते आधी बघा, आणि गावातल्या संग्रहालयात मॅटरहॉर्नवरच्या १८६५ सालच्या पहिल्या चढाईतला तुटलेला दोर जरूर पाहा. १४ जुलैला सात जण माथ्यावर पोचले, उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. काचेमागचा तो दोर इतका बारीक आहे, की बघणारा गप्प होतो. बाकीचे दिवस खालच्या तळ्यांकाठी घालवा: थून, ल्युत्सर्न, लावोचे द्राक्षमळे. मेमध्ये स्वित्झर्लंड तिथे सुंदर असतं.

आधी तिकीट, मग आकाश

झरमॅट १,६०८ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर गाव वसलेलं. त्यावर मॅटरहॉर्न आणखी पावणेतीन किलोमीटरहून थोडा जास्त उंच: ४,४७८ मीटर. एवढा मोठा सुळका आपले ढग आपणच तयार करतो. गावात लख्ख ऊन आणि शिखराला मात्र एका बाजूने ढगाची पताका लागलेली, हे रोजचंच दृश्य.

म्हणून इंटरलाकेनहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचा बेत मी कुणालाच सुचवत नाही. दुपारी पोचता तोवर ढग चढलेले असतात. दोन रात्री राहा. सकाळी उठल्यावर आधी फोनवर गोर्नरग्राटचा आणि क्लाइन मॅटरहॉर्न या शेजारच्या दुसऱ्या शिखरावरचा वेबकॅम उघडा, शिखर दिसतंय याची खात्री करा आणि मगच वरचं तिकीट काढा. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे पर्यटकांचा प्रवासाचा पास, झरमॅटपर्यंतच पूर्ण चालतो, वरच्या गाड्यांना निम्मे पैसे भरावे लागतात. हेही पुष्कळांना तिकीट खिडकीशी गेल्यावर कळतं.

गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे १८९८ पासून विजेवर धावते आणि ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. वर जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा, मॅटरहॉर्न त्या बाजूला आहे.

भाड्याच्या गाडीने येणाऱ्यांसाठी: गाव मोटारमुक्त आहे. गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश इथे लावून शटल ट्रेनने बारा मिनिटांत पोचायचं.

थेट सर्वात उंच ठिकाणी

आई आली तेव्हा पासष्टीची होती आणि रक्तदाबाची गोळी चालू होती. पहिल्याच सकाळी आम्ही तिला क्लाइन मॅटरहॉर्नला नेलं. ३,८८३ मीटर, युरोपातलं सर्वात उंच केबल कार स्थानक. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्के असतो, आणि गावातून तासाभरात आपण तिथे असतो. वर पोचल्यावर दहा मिनिटांत आई म्हणाली, “डोकं जड झालंय गं, जरा बसते.” मी तिला गरम चहा आणून दिला. चूक इथेच. चहाने काही होत नाही, खाली उतरल्याने होतं. अर्धा तास वाया घालवून आम्ही ट्रॉकनर श्टेगला, म्हणजे २,९३९ मीटरवर आलो आणि बघता बघता तिला हुशारी वाटायला लागली.

पहिला दिवस गावात काढा. दुसऱ्या दिवशी गोर्नरग्राट करा, आणि तिथे त्रास झाला नाही तरच त्याहून वर जा. वर गेल्यावर पायऱ्या धावत चढू नका. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, धाप लागली की फोटो राहू द्या आणि खाली जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसा. हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असेल तर निघायच्या आधी भारतातच डॉक्टरांना विचारून घ्या.

उन्हाचंही तसंच. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली बहुतेक परत आपल्याच तोंडावर फेकतो. त्यामुळे नाकाच्या खालची बाजू आणि हनुवटीचा तळ भाजतो, जिथे क्रीम लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आपला सावळा रंग पुरेसा आहे हा समज सोडा.

स्कीचे बूट

स्की शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी रडतो तो पडल्यामुळे नाही, बुटांमुळे. भाची तीन वर्षांनी हिवाळ्यात परत आली, तेव्हा थंडी वाजेल म्हणून वहिनीने तिला दोन जोड लोकरी मोजे घातले, वर थर्मल पायजमा बुटात खोचला आणि दुकानातून एक नंबर मोठा बूट घेतला. तासाभरात पोरीच्या नडगीवर लाल वळ उठले आणि बोटं बधिर झाली.

दोष प्रत्येक थराचा होता. मोज्यावर मोजा घातला की घडी पडते, आणि कडक प्लास्टिकच्या बुटात ती घडी नडगीत रुतत जाते. पायजम्याच्या शिवणीचंही तेच. जाड मोज्यांनी पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. बूट मोठा असेल तर पाय आत सरकतो, मग आपण बकला आणखी आवळतो, आणि दुखणं वाढतं.

गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ स्कीचा मोजा घाला. थर्मल बुटाच्या वर ओढून घ्या, बुटात मोज्याशिवाय काही जाऊ देऊ नका. बूट चढवल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. तसं होत नसेल तर दुकानात परत जा. भाड्याचे बूट बदलून देतात, त्यात संकोच कसला? खालच्या बकला सैल आणि वरच्या घट्ट ठेवा. रात्री बूट गार खोलीत ठेवू नका, सकाळी ते दगडासारखे होतात. भाचीने दुसऱ्या दिवशी हे सगळं केलं आणि दुपारी चारपर्यंत बूट काढायला तयार नव्हती.

शिकायची जागाही महत्त्वाची. गावाच्या वरच्या सुन्नेगा स्थानकाजवळ लाइझे तळ्याच्या बाजूला वोली पार्क आहे, तिथे सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि हळू खाली यायचं. पहिल्या दिवसासाठी अख्ख्या डोंगराचा पास घेऊ नका. मित्र शिकवेल, यावरही विसंबू नका. स्की शाळेतले दोन तास पुढचे दोन दिवस वाचवतात. आणि इथे सर्वात सोप्या उताराची खूण निळी असते. फ्रान्समधला हिरवा रंग शोधत बसाल तर सापडणार नाही.

उतार ही फिरायची जागा नाही

स्की न करणारे पाहुणे फोटोसाठी सरळ उतारावर चालत जातात. वरून येणाऱ्याला ते शेवटच्या क्षणी दिसतात. चालायचं असेल तर गुलाबी खांब आणि गुलाबी पाट्या असलेली हिवाळी वाट धरा. घसरगाडी हवी असेल तर गोर्नरग्राट रेल्वेच्या रोटनबोडेन ते रिफेलबर्ग या स्थानकांमध्ये खास वाट आहे, तिथेच चालवा. उतार बंद झाल्यावर तर अजिबात थांबू नका. संध्याकाळी बर्फ सपाट करणारी यंत्रं पोलादी दोराला बांधून चढवतात. तो दोर बर्फात दडलेला असतो आणि ताण आला की एकदम उसळतो.

स्की येत असेल तर पलीकडे इटलीत चेर्वीनियाला जेवायला जायचा मोह होतो. जरूर जा, पासपोर्ट खिशात ठेवा, पण वाऱ्याचा अंदाज पाहून जा आणि परतीच्या शेवटच्या केबल कारची वेळ निघतानाच लिहून घ्या. वारा वाढला की वरचा टप्पा बंद होतो, आणि मग डोंगराला वळसा घालून रस्त्याने येण्यात कित्येक तास आणि भरमसाट टॅक्सीभाडं जातं.

उन्हाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये ब्लाउहर्ड या केबल कार स्थानकाहून सुरू होणारी पाच तळ्यांची वाट साधारण दहा किलोमीटरची आहे. प्रतिबिंब पाचातल्या तीनच तळ्यांत दिसतं: श्टेलीझे, ग्रिन्डजीझे आणि लाइझे. तेही सकाळी, वारा सुटायच्या आत. पिवळ्या पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, तेव्हा मुलं बरोबर असतील तर दीडपट धरा. नुसता पिवळा चौकोन म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर चांगले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर सह्याद्रीत कितीही किल्ले केलेले असोत, पूर्ण माहितीशिवाय जाऊ नका. दुपारी गडगडाट होतो, म्हणून दोनपर्यंत कड्यांवरून खाली या. वासरू बरोबर असलेल्या गाईला गोंजारायला जाऊ नका, ती आपल्याकडची हंबा नाही.

शाकाहारी मंडळींनी रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा पदार्थ, मागवताना ‘श्पेक’ नको असं सांगावं, तो डुकराच्या मांसाचा असतो. फोंड्यूमध्ये पांढरी वाइन आणि बहुधा किर्श, म्हणजे चेरीची दारू असते, राक्लेत या वितळवलेल्या चीजच्या पदार्थात नसते.

कागद आणि परतीचं विमान

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, आणि तेवढ्याने आपण निर्धास्त होतो. त्या पॉलिसीत हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने सुटका धरलेली आहे का, हे वाचा. पुष्कळदा नसते. झरमॅट ज्यात येतं त्या व्हाले प्रांतात अपघात झाला तर १४४ ला फोन करा, हेलिकॉप्टरही तिथूनच निघतं.

जानेवारी २०१८ मध्ये हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाली आणि सुमारे १३,००० पर्यटक झरमॅटमध्ये अडकले. असं दरवर्षी होत नाही, पण खोऱ्यातून बाहेर पडायला एकच वाट आहे. झरमॅटहून झ्युरिक विमानतळ रेल्वेने साधारण साडेतीन तास. हिवाळ्यात मुंबईचं विमान त्याच दिवशी संध्याकाळचं असेल तर आदल्या दुपारीच खाली उतरा आणि शेवटची रात्र झ्युरिकमध्ये काढा.