रोज पायावर हात: सरावातल्या शर्यतीच्या घोड्याची तपासणी

घोड्याचा पाय गॅलपमध्ये, म्हणजे भरधाव दौडीत, अचानक गेला असं म्हटलं जातं, पण बहुतेक वेळा तो अचानक जात नाही. टेंडनचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचे) धागे किंवा गुडघ्याखालचं नळीचं हाड त्याआधी कित्येक दिवस थोडं थोडं खचत असतं. त्या दिवसांत पाय खुणा देत असतो. कुठे ऊब लागते, कुठे बोटभर सूज दिसते, दाबल्यावर घोडा पाय मागे ओढतो. लंगड ही यातली बहुधा शेवटची खूण, म्हणून तिची वाट पाहू नये. पुण्याच्या हंगामात, म्हणजे जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, ट्रॅक ओला, तबेला दमट आणि काम जोरात असतं. या महिन्यांत रोजची तपासणी एक दिवसही चुकवण्यासारखी नाही.

सुरुवात गव्हाणीपासून

पहाटे घोडा बाहेर काढण्याआधी रात्रीची चंदी (दाणा) संपली आहे का ते बघा आणि सईसाला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, विचारा. घोडा रात्री झोपला का, लीद कशी टाकली, पाणी किती प्यायला, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. रोज गव्हाण चाटून पुसून ठेवणाऱ्या घोड्याने पाव हिस्सा चंदी सोडली, तर त्या दिवशी प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा तपासा.

मग ताप. थर्मामीटरला दोरी आणि चिमटा बांधलेला असावा. घोड्याच्या डाव्या मांडीला चिकटून उभं राहायचं, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात आतल्या बाजूला टेकेल असा धरायचा आणि पूर्ण मिनिट थांबायचं. लिदेत रुतला तर आकडा कमी येतो. विश्रांतीतलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट असतं. पहाटे ते खालच्या बाजूला असतं, त्यामुळे रोज ३७.६ दाखवणाऱ्या घोड्याला ३८.४ आलं, तर आकडा मर्यादेत असूनही काम थांबवा. अंगात ताप असताना गॅलप दिला की साध्या सर्दीचा न्यूमोनिया होऊ शकतो. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटांनी लागते, मिनिटाला २८ ते ४०. रोजचे आकडे दाराशेजारच्या फळीवर लिहा. डोक्यात ठेवलेले आकडे चौथ्या दिवशी एकमेकांत मिसळतात.

पायावर हात कसा फिरवायचा

पट्ट्या निदान अर्धा तास आधी सोडा. पट्टीखालची ऊब आणि दुखऱ्या टेंडनची ऊब हाताला सारखीच लागते, आणि ओल्या पट्टीखाली तर पाय खोटा गारही लागतो. कामावरून आल्यावर लगेच हात लावूनही काही कळत नाही, कारण तेव्हा चारही पाय गरम असतात. खरी तपासणी दोनदा होते: पहाटे कामाआधी आणि संध्याकाळी चारच्या सुमारास. जोरदार गॅलपच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर नक्कीच, कारण टेंडनची सूज वर यायला एक-दीड दिवस लागू शकतो.

घोडा सपाट जागी चारही पायांवर सरळ उभा करा. एक पाय पुढे टाकून उभा राहत असेल तर आधी ते टिपून ठेवा. मग हाताची मागची बाजू, म्हणजे नखांकडचा भाग, गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत, म्हणजे नळीच्या खालच्या सांध्यापर्यंत, सावकाश खाली न्या. तळव्याची कातडी जाड असते, तिला ऊब उशिरा कळते. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा. नजर आणि हात कायम दोन पायांची तुलना करत राहिले पाहिजेत, आणि आजचा पाय कालच्या पायाशी ताडून पाहिला पाहिजे. एखाद्या घोड्याचे दोन्ही फेटलॉक जन्मभर थोडे भरलेले असतात. तो त्याचा स्वभाव झाला. धोका असतो तो बदलात.

यानंतर पाय उचला आणि फेटलॉक दुमडून टेंडन सैल पडू द्या. नळीच्या मागे सगळ्यात बाहेरची दोरी म्हणजे सुपरफिशियल फ्लेक्सर टेंडन. शर्यतीच्या घोड्यात बहुतेक वेळा जातं ते हेच. अंगठा आणि तर्जनीत धरून गुडघ्याखालून एकेक सेंटिमीटर दाबत खाली या. कडा धारदार आणि वेगळ्या लागल्या पाहिजेत. एखाद्या जागी कड गोल झाली असेल, दोन टेंडनमधली फट बोटाला सापडत नसेल किंवा त्याच जागी दोनदा घोडा पाय ओढत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून पशुवैद्यकांना बोलवा. काहीच नसेल तर पुढे चला. टेंडनच्या पुढे, हाडाला लागून सस्पेन्सरी लिगामेंट (फेटलॉकला आधार देणारा पट्टा) असतं. ते खाली दोन फांद्यांत विभागतं. दोन्ही फांद्या फेटलॉकच्या मागच्या सेसमॉइड हाडांपर्यंत चाचपा.

फेटलॉकचा सांधा समोरून दाबा, पाणी भरलं असेल तर बोटाखाली फुग्यासारखं हलतं. गुडघा पूर्ण दुमडा. टाच कोपराच्या दिशेने सहज वर गेली पाहिजे. घोडा मध्येच अडला किंवा खांदा उचलू लागला, तर गुडघ्यातल्या हाडाच्या कपचीची शंका घ्या. शेवटी नळीचं हाड समोरून अंगठ्याने वरून खाली जोर देऊन दाबा.

खुराला रोज हात लावा. भिंत गरम आहे का, आणि फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना लागणारी नाडी ठणठण उडते आहे का? निरोगी खुराची नाडी शोधावी लागते. दुखऱ्या खुराची नाडी बोट ठेवताक्षणी लागते.

मग चालवून आणि दुडक्या चालीने पळवून बघा. जागा कडक आणि सपाट हवी, दोरी सैल हवी. सईसाने डोकं घट्ट धरलं तर लंगड झाकली जाते. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायाची लंगड असेल तर मागून बघा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा (मागचा मांसल भाग) दुसऱ्यापेक्षा जास्त वरखाली होतो. नालांचा आवाजही ऐका, चालताना चार आणि दुडकीत दोन ठोके सारख्या अंतराने पडले पाहिजेत.

सापडलं तर

टेंडनवर ऊब असेल तर घोडा खोलीतच ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा १५ ते २० मिनिटं गार पाण्याची धार किंवा बर्फ द्या, मधल्या वेळात जाड कापसावर समान ताणाची पट्टी बांधा. पट्टीची गाठ टेंडनवर येऊ देऊ नका. तेल चोळणं, गरम लेप आणि ब्लिस्टर (कातडी भाजणारं औषध) पहिल्या दिवसांत पूर्ण वर्ज्य. त्यांनी रक्तपुरवठा वाढतो आणि आतली फाट वाढते. सोनोग्राफी सुरुवातीला केली तरी आठवड्याने पुन्हा करा, कारण जखमेचा खरा आकार पहिल्या काही दिवसांत दिसत नाही. धागे खरोखर फाटले असतील तर पुन्हा शर्यतीला ९ ते १२ महिने लागतात, आणि त्यानंतरही तीच जागा पुन्हा जाण्याचा धोका राहतो. चालणं, मग दुडकी, मग कँटर (गॅलपपेक्षा संथ दौड) असा क्रम ठेवा. वाढवण्याआधी दर टप्प्याला सोनोग्राफी करा. मालकाला हा हिशेब पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावा. टेंडनवर डाग देण्याची जुनी पद्धत जनावराला वेदना देते. विश्रांतीखेरीज तिच्याने टेंडन चांगलं जुळतं, असा पुरावा नाही.

दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांत नळी दुखणं सगळ्यात जास्त. हाड ज्या वेगाला सरावतं त्याच वेगासाठी घट्ट होतं, त्यामुळे मैलोन्मैल संथ कँटरने वेगाची तयारी होत नाही. कँटरच्या शेवटी एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०० मीटर, थोडं वेगात, आठवड्यातून दोनदा, आणि मग हळूहळू वाढवत जा. नळी दुखू लागली की वेगाचं काम बंद करा. अंगठा दाबून दुखायचं थांबेपर्यंत नुसतं पायी चालवा आणि पुन्हा सुरू करताना आधीच्या निम्म्यावरून करा. औषध देऊन पळवत राहिलं तर याच हाडाला पुढे चीर जाते.

एका प्रकाराची मात्र खरोखर भीती बाळगा. गॅलपनंतर घोडा स्पष्ट लंगडतो, दोन दिवसांत ठीक होतो आणि पुढच्या गॅलपनंतर पुन्हा लंगडतो. पाय चाचपून काही सापडत नाही. अशा वेळी खांद्याखालच्या, पोटरीच्या किंवा कमरेच्या हाडात सूक्ष्म चीर असू शकते. पहिला एक्स-रे स्वच्छ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा, तोवर फक्त खोलीतली विश्रांती. ही चीर गॅलपमध्ये पूर्ण फुटली तर घोडा वाचत नाही, आणि पाठीवरचा माणूसही जमिनीवर असतो.

वेदनाशामक औषध तपासणीआधी कधीच देऊ नका. दुखणं झाकलं की पशुवैद्यकांना नर्व्ह ब्लॉकने (नस बधिर करून) जागा शोधता येत नाही आणि घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो. आपल्याकडे शर्यतीच्या दिवशी अंगात औषधाचा अंश चालत नाही. तेव्हा प्रत्येक इंजेक्शन, पेस्ट आणि मलम तारीख-वेळेसह नोंदवा आणि किती दिवस आधी थांबवायचं ते पशुवैद्यकांकडून लिहून घ्या. चंदीच्या बादल्या वेगळ्या ठेवा. शेजारच्या घोड्याचं औषध उष्ट्या बादलीतूनही पोटात जातं.

पावसाळ्याच्या खास गोष्टी

ओल्या बिछान्यावर खुराची पुतळी, म्हणजे तळाचा मऊ त्रिकोणी भाग, सडते. काळा चिकट स्राव आणि कुजका वास हीच ओळख. खूर दिवसातून दोनदा खरवडून साफ करा, कोरडा करा, फटीत पातळ पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस भरा. औषधापेक्षा कोरडा बिछाना जास्त काम करतो. लघवीची जागा रोज पूर्ण उपसा. नाल चार ते पाच आठवड्यांनी बदला, कारण टोक लांब आणि टाच खाली बसलेला खूर टेंडनवरचा ताण वाढवतो. नाल मारल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घोडा लंगडला तर खिळा जिव्हाळी लागला असावा. नालबंदाला लगेच परत बोलवा, तो खिळा काढून घ्या आणि धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासा.

गवत आणि हरभरा नाकाला लावून बघा. बुरशीचा वास आला तर ती गोणी बाहेर. ४५० ते ५०० किलोच्या घोड्याला रोज निदान पाच किलो सुकं गवत लागतं, आणि एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त दाणा पोटदुखीला आमंत्रण देतो. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा. भरपेट दाणा खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याचे दुसऱ्या दिवशी कामात पुठ्ठे दगडासारखे आवळतात, घाम सुटतो, लघवी कॉफीसारखी होते. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नका, जिथे आहे तिथेच उभा ठेवून पशुवैद्यकांना बोलवा.

चावऱ्या माश्यांचे हेच दिवस, आणि त्यांच्यामुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो. ताप येतो, उतरतो, काही दिवसांनी पुन्हा येतो. घोडा रोड होतो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. फळीवर तापाचे आकडे लिहिलेले असतील तरच हा चढउतार दिसतो. रक्ताचा नमुना ताप चढलेला असताना घ्या, तेव्हा जंतू सापडण्याची शक्यता जास्त.

हंगाम संपल्यावर ट्रक बोरघाट उतरून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सकडे निघतात. प्रवासात डोकं उंच बांधलेलं राहिलं तर श्वासनलिकेतली घाण खाली येत नाही आणि फुप्फुसांत संसर्ग होतो. म्हणून दोरी मान खाली घालता येईल एवढी लांब ठेवा, घाटाआधी थांबून पाणी दाखवा, पाय पट्टीने टाचेपर्यंत झाका. पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. या तीन दिवसांत गॅलप नाही. ३८.६ किंवा वर आकडा आला, तर पशुवैद्यकांनी छाती ऐकल्याशिवाय घोडा खोलीबाहेर काढू नका.