स्किम्नस ढालकिडा ओळखताना या चुका टाळा

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं काही दिसलं की आपला हात थेट स्प्रेच्या बाटलीकडे जातो. खारघरच्या घरी मीही तसंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं, तर मेलेल्यांमध्ये पिठ्या ढेकणांबरोबर त्यांनाच खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्याही होत्या. ते अजून मनाला लागून आहे.

फवारण्याआधी मऊ ब्रशने हलकं डिवचा. पिठ्या ढेकूण सोंड खुपसून रस पीत बसलेला असतो, तो सहसा जागचा हलत नाही. अळी मात्र सहा पायांवर चटकन पळते आणि तिच्या अंगावरचं मेण झुपक्यांसारखं दिसतं.

पण अळी पांढरी दिसली म्हणून ती स्किम्नस या बारीक ढालकिड्यांच्या वंशाचीच, असं धरून चालू नका. 1898 मध्ये भारतात आणलेल्या क्रिप्टोलिमस या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळीही अशीच असते, फक्त ती वाढून सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठी होते. नेफस या ढालकिड्यांच्याच दुसऱ्या वंशाच्या अळ्याही मेणाने झाकलेल्या असतात. खात्री हवी असेल तर ढेकणांसकट फांदी काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि प्रौढ किडा बाहेर येईपर्यंत वाट बघा. नुकताच बाहेर आलेला किडा फिकट असतो. रंग पक्का व्हायला त्याला एखादा दिवस द्या.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: पाठीचा एक फोटो काढायचा आणि नाव ठरवून टाकायचं. लाल-काळे ठिपके पाहून ओळखायची सवय इथे कामाची नाही. स्किम्नस जेमतेम 1.5 ते 3 मिलीमीटरचा, तपकिरी किंवा काळा, अंगभर बारीक लव असलेला. एकाच जातीत डाग कमी-जास्त होतात, आणि नेफसही असाच दिसतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात टिपलेले कितीतरी सुंदर फोटो एवढ्यावरच अडतात, कारण खरी ओळख पोटाच्या बाजूला असते. म्हणून किडा उलटा करा. पुढच्या पायांच्या मधोमध, छातीच्या खालच्या बाजूला दोन उभे कंगोरे दिसले तर स्किम्नस. नेफसमध्ये ते नसतात. मग मागच्या पायांच्या मुळाशी, पोटाच्या पहिल्या दिसणाऱ्या पट्टीवरची वाकडी रेघ बघा. ती पूर्ण कमान करून पुन्हा पट्टीच्या वरच्या कडेला भिडत असेल तर उपवंश पुल्लस. अर्ध्यावरच सुटत असेल तर स्किम्नस याच नावाचा मूळ उपवंश. दहापट भिंगाने लव दिसते, पण रेघेसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. अल्कोहोलमधला नमुना आधी वाळू द्या, नाहीतर ओली लव चिकटून बसते आणि रेघ झाकते.

वंश ठरला तरी जात ठरत नाही. त्यासाठी नराच्या जननेंद्रियाचं विच्छेदन करावं लागतं. ते जमणार नसेल तर नोंदीत नुसतं स्किम्नस लिहून थांबा, ती नोंदही मोलाची आहे.

किडा काळा, जेमतेम दीड मिलीमीटरचा आणि लाल कोळी पडलेल्या वांग्याच्या पानावर असेल, तर तो बहुधा स्टेथोरस हा वेगळा ढालकिडा. तो कोळी खातो. म्हणून नोंद करताना झाडाचं नाव आणि त्यावरची कीड जरूर लिहा. नुसतं ‘ठाणे, बाल्कनी’ एवढं लिहिलं तर हा धागा हातातून सुटतो.