मोठ्या माणसांचं लसीकरण: त्याच त्या चुका बघून वैताग आलाय, निदान या तरी टाळा

लहान मुलांच्या लसीसाठी आशाताई दारात येतात, कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते आणि घरात आजी मागे लागलेली असते. माणूस मोठा झाला की हे सगळं बंद. सरकारी लसीकरण मुख्यतः मुलं आणि गरोदर बायकांसाठी, त्यामुळे बाकीच्यांना कुणी बोलावत नाही आणि आपण होऊन कुणी येत नाही. येतात ते थेट गळ्याशी आल्यावर. मी नाशिकला एका दवाखान्यात इंजेक्शन रूम बघते, त्यामुळे हे सगळे नमुने रोज समोर बसतात.

खरचटलं की धनुर्वात

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार. "सिस्टर, सहा महिने झाले, एक टीटी ठोकून द्या." टीटी म्हणजे धनुर्वाताची लस, पण कोणी सांगितलं सहा महिने? हा आकडा गावोगाव फिरतोय आणि मरत नाही. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर मोठेपणी बूस्टर दर 10 वर्षांनी. जखम साधी, स्वच्छ असेल तर हीच 10 वर्षं बघायची, आणि माती-शेण लागलेली किंवा खोल असेल तर शेवटच्या डोसला 5 वर्षं झालीत का ते बघायचं, एवढाच हिशोब आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारे एक दादा आमच्याकडे यायचे. पत्रा लागला की कंपनीच्या फर्स्ट एडला एक इंजेक्शन, घराजवळच्या डॉक्टरकडे दुसरं, आणि लिहून कुठेच ठेवलेलं नाही. एकदा आले ते दंड खांद्यापासून कोपरापर्यंत टरारून सुजलेला, लाल, हात वर होईना. त्यांचं ठाम मत, की लस एक्स्पायर झालेली दिली. तसं काही नव्हतं, आधीची ताकद अंगात भरपूर असताना पुन्हा पुन्हा टोचलं की असा हात सुजतो. डॉक्टरांनी समजावलं, सूज आठवडाभरात उतरली, आणि नंतर बोट कापल्यावर हे परत हजर, "आता देऊन टाका ना, खूप दिवस झाले."

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. ज्यांना खरंच गरज आहे ते येतच नाहीत. देशात सगळीकडे लसीकरण पोहोचायला 1985 नंतरची वर्षं लागली, त्यामुळे आज पन्नाशी-साठीत असलेल्या खेड्यातल्या कितीतरी पुरुषांना लहानपणी एकही डोस मिळालेला नाही. बायकांना गरोदरपणात तरी टोचतात, पुरुषांना कोण विचारतो? आणि द्राक्षबागेत तारा, काटे, शेणखत यांच्यात दिवसभर हात घालणारे हेच. यांना एका सुईने भागत नाही, तीन डोस लागतात, पहिला, मग महिन्याने दुसरा, मग सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. हल्ली टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण मिळतं, तेव्हा "मला साधं टीटीच हवं" म्हणून भांडू नका.

माझी सवय सांगते. लस घेतली की बाटलीचा किंवा खोक्याचा फोटो काढायचा, नाव, बॅच नंबर आणि तारीख दिसेल असा, आणि तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. फोन हरवला तरी भावाकडे, वहिनीकडे फोटो असतो. ॲप वगैरे असतील चांगली, माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

विमानाचं तिकीट आधी, फॉर्म नंतर

दर जुलैला हा सीझन असतो. मुलगा किंवा मुलगी एमएस करायला अमेरिकेला निघालेली, बॅगा भरून झालेल्या, चकल्या पॅक झालेल्या, आणि उड्डाणाच्या आठवडाभर आधी युनिव्हर्सिटीचा लसींचा फॉर्म उघडतात. त्यात एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे, दोन डोस मागितलेले असतात आणि त्या दोघांत किमान 28 दिवसांचं अंतर लागतं.

एका मुलाची आई मला म्हणाली, "दोन्ही एकाच दिवशी द्या ना, एक या दंडात एक त्या दंडात, पैसे दोन्हीचे घ्या." पैशाचा प्रश्नच नाहीये हो काकू! मग म्हणाल्या, मागची तारीख टाका. तेही नाही. मग वडिलांनी लहानपणीची फाइल आणली, त्यात नऊ महिन्यांची गोवराची लस होती, पण पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस अमेरिकेत धरत नाहीत. त्या फॉर्ममध्ये टीबीची टेस्टही होती, आणि यांनी तीन दिवसांपूर्वीच दुसरीकडे एमएमआरचा एक डोस घेऊन टाकला होता, घाईत, कुणाला न विचारता. टीबीची टेस्ट एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची असते, नाहीतर चार आठवडे थांबा, कारण एमएमआरसारख्या जिवंत विषाणूच्या लसीने रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. शेवटी दुसरा डोस आणि टेस्ट दोन्ही तिकडे जाऊन केलं, डॉलरमध्ये.

ॲडमिशन पक्की झाली, आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी पाठवते तो कागद, हातात आला की त्याच दिवशी फॉर्म प्रिंट करा आणि जुनी फाइल माळ्यावरून काढा. फाइल सापडलीच नाही तर बऱ्याच युनिव्हर्सिट्या रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्ट चालवून घेतात, पण त्यालाही वेळ लागतो. 28 दिवस म्हणजे 28 दिवस, भाकरी तव्यावरून आधी उचलली तर कच्चीच राहणार.

आफ्रिकेतल्या यलो फीव्हर (पीतज्वर) असलेल्या देशांत नोकरीला जाणाऱ्यांनो, त्याच्या लसीचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. ते नसताना तिकडून परत आलात तर भारतात विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन. एकदा घेतलं की मात्र आयुष्यभर चालतं, 2016 पासून तसा नियम आहे.

फ्रीजर

मेडिकलमधून लस घेतली, डॉक्टर संध्याकाळी आहेत, म्हणून घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवली, जास्त गार म्हणजे जास्त चांगली! नाही. टीडी, हिपॅटायटिस बी, फ्लू या लसी गोठल्या की गेल्या, वितळून पुन्हा पाण्यासारख्या दिसल्या तरी. 2 ते 8 डिग्री पाहिजे. बाटली थेट बर्फात गुंडाळून आणणंही तसंच. मी सरळ सांगते, डॉक्टर दवाखान्यात असतील तेव्हाच मेडिकलमधून उचला आणि तडक इकडे या, वाटेत भाजी घेऊ नका.

बाकीचं भराभर:

हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस. 0, 1 आणि 6 महिने, आणि सहाव्या महिन्याला निम्मी माणसं गायब. दोन वर्षांनी आलात तरी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला घ्या आणि मोकळे व्हा.

कुत्रा चावला असेल तर मात्र अशी सूट घ्यायची नाही, तिथे तारखा पाळायच्याच. आधी जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काहीही भरू नका. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झालीत, दंडात घेतात, त्याला घाबरून घरी बसू नका.

फ्लूची लस दरवर्षी, कारण विषाणू बदलतो तशी लसही बदलते. पावसाळ्याआधी, मे महिन्यात घ्या, ताकद यायला दोन आठवडे लागतात. घरात दोघं तापाने पडल्यावर तिसरा लस घ्यायला येतो, त्याला मी काय बोलू?

न्यूमोनियाची लस वेगळी, फ्लूची वेगळी. 65 च्या पुढचे, शुगरवाले, दमेकरी यांनी डॉक्टरांना विचारा. ती दरवर्षी नसते.

नागीण उठल्यावर नागिणीची लस मागायची नाही. ती आधी घ्यायची असते, पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, महाग आहे. अंगावर पुरळ आलं की गेरू लावत बसू नका, 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो वगैरे काही नाही.

साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर एमएमआर, कांजिण्यांच्या लसीआधी तोंड उघडून सांगा.

आणि सुई निघाल्या निघाल्या पळायचं नाही, 15 मिनिटं बाहेर बाकावर बसायचं. गाडी चालू ठेवून आलोय, हे कारण मी ऐकत नाही.