भाजणीचं छोटं दुकान: पाटीवर दळणाची तारीख लिहा

दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपशी लहान दुकानाने भावात झुंजू नये. तिथे हार ठरलेली आहे. पण परवा दळलेली भाजणी ॲपवर मिळत नाही, आणि पावकिलो सुटी तर नाहीच नाही. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांना बारा महिने गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा गल्लीतल्या दुकानाकडे वळतंय ते ताज्या मालासाठी. म्हणून दुकानाची सगळी मांडणी एकाच गोष्टीभोवती करा: थोडं दळा, वारंवार दळा, आणि कधी दळलं ते दाराशी लिहा.

जागा शंभर चौरस फूट पुरते. राजवाड्याजवळ हवी असा हट्ट धरू नका. भाडं जास्त आणि गाडी लावायला जागा नाही. दोन स्कूटर उभ्या राहतील एवढी मोकळी जागा पुढे असावी आणि शेजारी दूधवाला किंवा भाजीवाला असावा. संध्याकाळी घरी परतणारा माणूस ज्या बाजूने येतो, त्या बाजूचं दुकान निवडा. भर रहदारीत रस्ता ओलांडून अर्धा किलो भाजणीसाठी कोणी येत नाही.

माल सियागंजातून, म्हणजे इंदूरच्या घाऊक किराणा बाजारातून घ्या, पण पोत्याच्या भावाला भुलू नका. किलोमागे तीन रुपये वाचतात आणि मग तेच पोतं दोन महिने कोपऱ्यात टोके पाळतं. दोन घाण्यांपुरतंच आणा. ज्वारी-बाजरीचा दाणा दाताखाली कट्कन फुटायला हवा. दबला तर त्यात ओल आहे. धणे तळहातावर चोळून वास घ्या. वास आला नाही तर कितीही स्वस्त असोत, सोडा.

थालीपीठ भाजणीच्या एका घाण्याचं प्रमाण: बाजरी, ज्वारी आणि तांदूळ प्रत्येकी 2 किलो, चणाडाळ, उडीदडाळ आणि गहू प्रत्येकी 1 किलो, धणे 400 ग्रॅम, जिरे 100 ग्रॅम. एकूण साडेनऊ किलो. उडीद याहून वाढवला की थालीपीठ थापताना हाताला चिकटतं.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, यात सवलत नाही. बाजरीचा दाणा बारीक, चणाडाळ जाड. एकत्र टाकले तर डाळ कच्ची असतानाच बाजरी करपते आणि सगळी भाजणी कडू होते. कढईत एका वेळी किलोभरच घ्या, आच मध्यम ठेवा. तांदूळ पांढरा होऊन किंचित फुलेपर्यंत, चणाडाळ गुलाबीसर होईपर्यंत, उडीद खमंग वास सुटेपर्यंत. धणे-जिरे सर्वांत शेवटी; कढई तापलेलीच असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत होतात. घड्याळ बघू नका, रंग आणि वास बघा. बाजरी भाजण्यात कंजूषी तर अजिबात नको: तिच्यात स्निग्धांश जास्त असतो, म्हणून कच्च्या बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. नीट भाजलेली बाजरी बराच जास्त काळ टिकते.

मग निववणं. बहुतेक दुकानांचा माल इथेच बिघडतो, कारण घाई असते. सुती कापडावर पातळ पसरा, पंख्याखाली तीन-चार तास ठेवा, ढिगाच्या मधोमध हात घालून बघा. दळून आल्यावरही पीठ गरम असतं. दोन तास वरून कापड टाकून उघडंच ठेवा. कोमट पीठ डब्यात भरलं की वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात, आधी गोळे होतात आणि आठवड्याभरात बुरशी.

चक्कीवाल्याकडे तुमच्या आधी कोणाचं बेसन, कोणाची मिरची दळली गेली ते विचारा. आधी अर्धा किलो तांदूळ दळून घ्या, ते पीठ वेगळं ठेवा, मग भाजणी घाला. दळण जाडसर, रव्याळ हवं. उपासाच्या भाजणीचा नियम आणखी कडक: साबुदाणा, राजगिरा, वरई (इथे दुकानात मोरधन म्हणून मागा) आणि जिरे. हे दळण गव्हाच्या चक्कीवर नेऊच नका. दुकानात घरघंटी ठेवा, ती फक्त उपासाच्या पदार्थांसाठी वापरा. चातुर्मासात उपास धरणाऱ्या काकू पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि उत्तर देताना अडखळलात तर त्या परत येत नाहीत.

आता भाव. साडेनऊ किलो कच्च्या मालाचं साडेनऊ किलो पीठ होत नाही. भाजताना ओल उडते, चक्कीत थोडं राहतं. समजा जिन्नस 580 रुपये, दळण 95, गॅस आणि मजुरी 225; एकूण 900. साडेनऊने भागलं तर किलोला सुमारे 95 रुपये पडले असं वाटतं. पण डब्यात भरताना वजन केलं आणि 8.7 किलो भरलं, तर खरी किंमत सुमारे 103 रुपये. किलोमागे जवळपास 9 रुपये चुपचाप जातात. भाडं, पिशवी आणि नफा त्या 103 वर चढवा. दर घाण्याचं तयार वजन वहीत लिहा. घट एकदम वाढली तर भाजणारा जास्त भाजतोय किंवा चक्कीवर पीठ मागे राहतंय.

काटे दोन हवेत. 30 किलोच्या, 5 ग्रॅमचा भाग असलेल्या (म्हणजे 5-5 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या) काट्यावर 100 ग्रॅमच्या खाली वजन करायचं नसतं. काट्यावरच किमान वजन लिहिलेलं असतं, पण ते वाचतं कोण! 50 ग्रॅम मेतकूट किंवा 25 ग्रॅम हिंगासाठी 1 ग्रॅमचा भाग असलेला छोटा काटा ठेवा. त्याचं किमान वजन 20 ग्रॅम असतं. दोन्हींवर दरवर्षी वजनमाप खात्याचा शिक्का मारून घ्या. गिऱ्हाईक घरचा डबा घेऊन आलं तर आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, आणि तो आकडा त्यांना दिसेल असा काटा वळवा. डबा आणायला सांगाच. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे, आणि कागदी पिशवीत भाजणी ओल धरते.

कागदपत्रं फार नाहीत: गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची 14 अंकी क्रमांकाची नोंदणी, दर्शनी भागात लावलेली. गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेल्या सुट्या मालाचं काम सोपं. आधीच पुडे बांधून ठेवलेत, तर प्रत्येकावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, बांधल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराची हिरवी खूण आणि नोंदणी क्रमांक हवा. सुरुवातीला सुटंच विका.

दळणाचा वार गुरुवार ठेवा, म्हणजे शुक्रवारी माल निवलेला आणि शनिवार-रविवारच्या गर्दीला ताजा. दाराशी पाटी, तिच्यावर खडूने दोनच ओळी: ‘थालीपीठ भाजणी, दळली गुरुवार 12. मेतकूट, सोमवार 9.’ तारीख जुनी झाली की तुम्हालाच लाज वाटते, हा पाटीचा खरा उपयोग. किती दळायचं ते चार आठवड्यांच्या विक्रीच्या सरासरीवर ठरवा आणि त्यावर फार तर चतुर्थांश जास्त. शनिवारी रात्री डबा रिकामा झाला तर होऊ द्या. नव्या पिठावर जुनं किंवा जुन्यावर नवं कधीही ओतू नका. डबा रिकामा करा, पुसा, उन्हात वाळवा, मग भरा. तळाशी राहिलेली मूठभर जुनी भाजणीच नव्या घाण्यात जाळी आणि अळी पसरवते.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच तो निरोप जातो, म्हणून पहिल्या खरेदीलाच नंबर सेव्ह करून घ्या. निरोप गुरुवारी संध्याकाळी, आठवड्यातून एकदाच, काय दळलं आणि किती आहे एवढाच. सुप्रभातची फुलं पाठवलीत की लोक म्यूट करतात, बरोबरच करतात.

पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, घाणा अर्धा करा आणि डबे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून सुटे ठेवा. गोड्या मसाल्यात खोबरं असतं, ते लवकर खवट होतं. तो या दिवसांत पाव-पाव किलोच करा. दिवाळीची चकलीची भाजणी मात्र आगाऊ नोंदणीवरच: तांदूळ 4, चणाडाळ 2, मूगडाळ 1, उडीदडाळ 1 या मापाने. नोंदणी वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद करा, कारण त्या आठवड्यात चक्कीवर रांग असते आणि निववायला वेळ उरत नाही.