गिटची हिस्ट्री कशात बघावी: नाशिकमध्ये नव्याने कामाला लागणाऱ्या डेव्हलपरसाठी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत बहुतेकांचं गिट ॲड, कमिट आणि पुश यांवर भागतं. प्रोजेक्ट चार जणांचा, कोड सहा महिन्यांचा, मागे वळून बघायची वेळच येत नाही. कामाला लागलं की पाच-सात वर्षांचा कोड हातात पडतो. तो लिहिणारे निम्मे लोक तोवर पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेलेले असतात. "ही ओळ इथे का आहे?" हे विचारायला मग हिस्ट्रीशिवाय कुणी उरत नाही.

अशा वेळी कुठलं टूल घ्यावं हे विचारलं, की ज्याचा ग्राफ सर्वांत रंगीत त्याचं नाव पुढे येतं. आमच्या मते निवड दोन गोष्टींवर करावी: तुम्हाला हिस्ट्रीला नेमकं काय विचारायचं आहे, आणि ते टूल तुमच्यापासून काय लपवतं. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण लपलेली कमिट शोधण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत, स्मॉल लेटरमध्ये टाइप करा. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. गिटमध्ये स्मॉल एस आणि कॅपिटल एस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवात टर्मिनलवर करा, कारण कंपनीच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरल्यावर दुसरं काही मिळेलच असं नाही.

गिट लॉग --वनलाइन --ग्राफ --ऑल

यातलं --ऑल विसरलात तर फक्त सध्याच्या ब्रँचची हिस्ट्री दिसते. "माझ्या मित्राची कमिट दिसतच नाही" या तक्रारीचं निम्मं कारण हे असतं. उरलेलं निम्मं म्हणजे गिट फेच केलेलं नसतं. लॉग तुमच्या मशीनवरचा रेपो वाचतो, सर्व्हरवर काय आलं ते त्याला आपोआप कळत नाही. लॉग लेस नावाच्या पेजरमध्ये उघडतो: बाहेर पडायला क्यू, शोधायला तिरकी रेघ आणि शब्द, पुढच्या ठिकाणी जायला एन.

आता एक नेमका प्रसंग घेऊ. समजा बाजारभावाचं ॲप आहे. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलवर निघतो, पिंपळगावला टोमॅटोचा २० किलोच्या क्रेटवर. ॲपमध्ये सगळं क्विंटलमध्ये दाखवायचं, म्हणून क्रेटच्या भावाला ५ ने गुणायचं असं ठरलेलं. एका अपडेटनंतर ३०० रुपये क्रेटचा टोमॅटो क्विंटललाही ३०० च दिसायला लागला. खरा आकडा १५०० हवा. फाइल उघडली तर गुणाकाराची ओळ तिथे नाहीच.

नवीन माणूस इथे सवयीने ब्लेम उघडतो आणि अडकतो. आज फाइलमध्ये ज्या ओळी आहेत त्या शेवटच्या कुणी बदलल्या, एवढंच ब्लेम सांगतं. काढून टाकलेली ओळ त्याला दिसत नाही. एडिटरमध्ये ओळीशेजारी नाव दाखवणाऱ्या सगळ्या सोयी, व्हीएस कोडच्या गिटलेन्स या एक्स्टेंशनसह, याच ब्लेमवर उभ्या आहेत, त्यामुळे त्यांचीही हीच मर्यादा. हरवलेल्या ओळीसाठी हे चालवा:

गिट लॉग -एस "क्रेट_फॅक्टर" -पी

इथला एस कॅपिटल आहे. ज्या कमिटमध्ये त्या शब्दाची संख्या बदलली, म्हणजे तो नव्याने आला किंवा गेला, तेवढ्याच कमिट्स समोर येतात. पण समजा ओळ काढलेली नाही, फक्त ५ चा १ केलाय. मग शब्दाची संख्या तेवढीच राहते आणि ही कमांड ती कमिट गाळते. तेव्हा एसच्या जागी कॅपिटल जी द्या: बदललेल्या ओळींत तो शब्द कुठेही असला तरी कमिट सापडते. हा फरक लक्षात ठेवाच. "मी शोधलं, काही निघालं नाही" असं सीनिअरला सांगण्याआधी दोन्ही चालवून बघा.

दोन्हींतूनही काही निघालं नाही तर? मग संशय मर्जवर घ्या. दोन ब्रँच मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला, सोडवणाऱ्याने घाईत चुकीची बाजू ठेवली आणि गुणाकार तिथेच गळाला. साधा गिट लॉग -पी मर्ज कमिटचा डिफ दाखवतच नाही, त्यामुळे वरचा शोधही तिच्याकडे बघत नाही. कमांडला -एम जोडला की प्रत्येक पालक कमिटशी, म्हणजे मर्जने जोडलेल्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या कमिटशी, वेगळी तुलना होते आणि तो बदल हाती लागतो. गिट २.३५ किंवा पुढची आवृत्ती असेल तर --रीमर्ज-डिफ वापरा. गिट तो मर्ज आपल्या बाजूने पुन्हा करून बघतं आणि माणसाने हाताने जे वेगळं केलं तेवढंच दाखवतं. ही सोय २०२२ साली आली. आमच्या मते हिस्ट्री वाचणाऱ्यासाठी अलीकडच्या काळातली ही सर्वांत कामाची भर आहे. कुठलंही चित्रमय टूल निवडताना पहिली चाचणी हीच घ्या: कॉन्फ्लिक्ट झालेल्या मर्ज कमिटवर क्लिक केल्यावर काय दिसतं? काही टूल्स फक्त पहिल्या पालकाशी तुलना दाखवतात, काही रिकामी यादी दाखवतात. रिकामी यादी बघून "इथे काही बदललं नाही" असं धरू नका.

एकाच फंक्शनचा प्रवास बघायचा असेल तर कॅपिटल एल: गिट लॉग -एल ४०,६०:रेट.जेएस. ४० ते ६० या ओळी कमिटगणिक कशा बदलत आल्या ते एकाखाली एक मिळतं. अख्ख्या फाइलची हिस्ट्री बघताना तिचं नाव मध्येच बदललेलं असेल तर --फॉलो लागतो, आणि तो एका वेळी एकाच फाइलवर चालतो, फोल्डरवर नाही. गिट नावबदल साठवत नाही, दोन फाइलींतल्या साम्यावरून तो ओळखतं. साम्य ५० टक्क्यांच्या खाली गेलं तर नवी फाइल समजून साखळी तुटते. म्हणून नाव बदलणं आणि आतला कोड बदलणं या दोन वेगळ्या कमिट करा. तुमच्यानंतर येणारा दुवा देईल.

ब्लेमकडे परत येऊ, कारण रोज लागणारं तेच आहे. त्याचं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे फॉरमॅटर, कोडची मांडणी आपोआप सारखी करणारं टूल. कुणीतरी सगळ्या प्रोजेक्टवर फॉरमॅटर फिरवतो आणि पुढे प्रत्येक ओळीवर त्याचंच नाव दिसतं. विंडोज आणि उबंटू मिसळलेल्या टीममध्ये ओळीच्या शेवटच्या अदृश्य खुणांमुळेही नेमकं हेच होतं. फक्त स्पेसचा फरक असेल तर गिट ब्लेम -डब्ल्यू पुरतं. मोठ्या फॉरमॅटिंग कमिटसाठी रेपोच्या मुळाशी .गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या नावाची फाइल ठेवा, तिच्यात त्या कमिटचे पूर्ण हॅश ओळीने लिहा आणि ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल ही सेटिंग त्या फाइलकडे वळवा. २०१९ च्या गिट २.२३ पासून हे चालतं. गिटहबची वेबसाइट या नावाची फाइल आपणहून वाचते. ओळींच्या शेवटांचा घोळ मात्र .गिटॲट्रिब्यूट्समध्ये * टेक्स्ट=ऑटो लिहून मुळातच मिटवावा.

आता टूल्स. टर्मिनलच आवडत असेल तर टिग घ्या. एंटरने कमिट उघडते, क्यूने मिटते, फाइलवर बी दाबलं की ब्लेम. ब्लेममध्ये स्वल्पविराम दाबला की त्या ओळीच्या आधीच्या कमिटपाशी जाऊन तिथून पुन्हा ब्लेम होतं. "हा माणूस नव्हे, त्याच्या आधीचा" असं पायरीपायरीने मागे जायला यापेक्षा वेगवान काही नाही.

चित्र हवं असेल तर गिटके (गिटला के हे एक अक्षर जोडून). दिसायला जुनाट आहे, म्हणून नवी मुलं ते उघडतही नाहीत. पण फुकट आहे, हलकं आहे, आणि वर सांगितलेले दोन्ही शोध, शब्दाची भर-घट आणि बदललेल्या ओळी, त्याच्या शोधपट्टीतल्या यादीत तयार मिळतात. गिट फॉर विंडोजसोबत ते येतं, उबंटूवर ॲप्टने वेगळं टाकावं लागतं. गिटके --ऑल असं उघडा. रेपो प्रचंड असेल तर -एन ५०० जोडा, नाहीतर सगळी हिस्ट्री मेमरीत घेताना ४ जीबीचा लॅपटॉप रडकुंडीला येतो.

व्हीएस कोडमध्ये २०२४ पासून सोर्स कंट्रोलच्या पट्टीत ग्राफ आपसूक येतो, त्यामुळे फक्त ग्राफसाठी एक्स्टेंशन टाकायची घाई करू नका. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा इंटेलिजे वापरत असाल तर कोड निवडून राइट क्लिक करा आणि गिटच्या मेनूत शो हिस्ट्री फॉर सिलेक्शन बघा. वर सांगितलेलं ओळींच्या पट्ट्याचं काम ते माऊसने करतं. सोर्सट्री फुकट आहे, पण विंडोज आणि मॅकपुरतं. गिटक्रॅकन लिनक्सवरही चालतं, दिसतंही छान, मात्र खासगी रेपोसाठी पैसे पडतात. कंपनीने लायसन्स दिलं तर जरूर वापरा, स्वतःच्या खिशातून घेऊ नका. गिटहब डेस्कटॉप शिकायला सोपं, पण त्याच्या हिस्ट्रीत एका ब्रँचची सरळ यादी दिसते, ग्राफ नाही. हिस्ट्री शोधायला ते निवडू नका.

मराठी वाचकांनी दोन सेटिंग्ज पहिल्याच दिवशी कराव्यात. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर गिट त्याऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे छापतं. कोअर.कोटपाथ फॉल्स केलं की नाव नीट दिसतं. कमिटचा मेसेज मराठीत असेल आणि विंडोजवर लॉगमध्ये कोनी कंसांतले इंग्रजी अक्षर-आकडे दिसत असतील, तर दोष पेजरचा आहे. लेसकॅरसेट (सगळी अक्षरं कॅपिटल) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीएफ-८ करा. गिटकेमध्ये फाइलमधला मजकूर बिघडला तर जीयूआय.एन्कोडिंगलाही यूटीएफ-८ द्या.

नेट हळू म्हणून पुष्कळ जण क्लोन करताना --डेप्थ १ देतात. मग एकच कमिट दिसते आणि ब्लेममध्ये सगळ्या फाइलींवर एकाच माणसाचं नाव येतं. टूलला दोष देऊ नका, गिट फेच --अनशॅलो चालवा. हिस्ट्री पूर्ण हवी पण डाउनलोड कमी, असं असेल तर क्लोन करताना --फिल्टर=ब्लॉब:नन द्या. सगळ्या कमिट्स येतात, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तसा उतरतो. याची किंमत ब्लेमच्या वेळी मोजावी लागते: प्रत्येक जुनी आवृत्ती नेटवरून येते, आणि नेट नसलं की काम थांबतं.

सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या सॉफ्टवेअर विभागात लागलात तर गिटऐवजी एसव्हीएन ही जुनी व्हर्जन कंट्रोल प्रणालीही समोर येऊ शकते. तिथे लॉग सर्व्हरवरून येतो. टॉर्टॉइजएसव्हीएन या तिच्या विंडोजवरच्या टूलची लॉगची खिडकी सुरुवातीला १०० नोंदीच दाखवते, खाली शो ऑल दाबल्याशिवाय जुन्या येत नाहीत. स्टॉप ऑन कॉपी ही खूण चालू असेल तर ब्रँच निघाली त्या ठिकाणी यादी संपते. थांबायची तयारी असेल तर गिट एसव्हीएन क्लोनने स्वतःपुरती गिटची प्रत काढून वरच्या सगळ्या कमांड तिच्यावर चालवता येतात. रिव्हिजन एकेक करून येतात, म्हणून हे रात्री लावून ठेवा.

सरावाला स्वतःचा कॉलेज प्रोजेक्ट उपयोगाचा नाही, त्यात शोधण्याजोगं काही नसतं. गिटचाच सोर्स कोड क्लोन करा, कॉलेजच्या वायफायवर केलात तर बरं. पहिली कमिट लिनस टोरवाल्ड्स यांची. लॉगमध्ये तिची तारीख ७ एप्रिल २००५ दिसते, कारण लॉग लिहिणाऱ्याच्या टाइम झोनमधली वेळ दाखवतो. --डेट=लोकल दिलंत की आपल्याकडे ती ८ एप्रिलची पहाट होते, ३ वाजून ४३ मिनिटं. "हा बदल रिलीजच्या आधी झाला की नंतर?" या वादात ही सेटिंग निर्णायक ठरते. --फॉरमॅट=फुलर देऊन ऑथरची आणि कमिटरची तारीखही वेगळी बघा. रिबेस केलेल्या, म्हणजे दुसऱ्या कमिटच्या पुढे नव्याने लावलेल्या, कमिटमध्ये त्या दोन जुळत नाहीत. मग गिट लॉग --मॅक्स-पेरंट्स=० चालवा. मूळ कमिट एकच निघेल असं वाटतं, पण निघतात अनेक. त्यांतली एक गिटकेची आहे: पॉल मॅकेरास यांनी ते स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं आणि नंतर ते पूर्ण हिस्ट्रीसकट गिटमध्ये मर्ज झालं. ते जिथे जोडलं गेलं ती मर्ज कमिट टिगमध्ये, गिटकेमध्ये आणि तुमच्या एडिटरमध्ये शोधून बघा, आणि तिन्ही ठिकाणी तिचे पालक नीट दिसतात का ते तपासा.